अठरा सेकंदांनी येणारी लाट

उत्तर गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावर मी ज्या सर्फ शाळेत काम करते तिच्या दाराशी एक काळा फळा आहे. रोज संध्याकाळी साडेसहाला त्यावर दुसऱ्या दिवशीच्या समुद्राबद्दल चार ओळी लिहिणं हे माझं काम. लाट केवढी, किती सेकंदांनी, वारा कुठून आणि किती वाजता फिरणार, भरती-ओहोटी कधी. सकाळी सातच्या बॅचला कोणाला पाण्यात न्यायचं, कोणाला कमरेइतक्या पाण्यातच ठेवायचं आणि कोणाला परत पाठवायचं हे या चार ओळींवरून ठरतं.

मी मांद्र्याची. घर रापणकारांचं, म्हणजे रापण हे मोठं जाळं किनाऱ्यावरून दोराने ओढून मासे धरणाऱ्यांचं; माझे मोठे काका, तात्या, अजूनही वाड्यावरच्या रापणीचा दोर ओढायला उभे राहतात. म्हापशाला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि इथे बुकिंग नि हिशेब बघायला लागले. फळा तेव्हा एक प्रशिक्षक लिहायचा. तो गावी परत गेला आणि सायन्सवाली म्हणून खडू माझ्या हातात आला. पहिलं वर्षभर मी अंदाज केलाच नाही, नक्कल केली. मोबाइलवर अ‍ॅप उघडायचं, उंचीचा आकडा बघायचा, फळ्यावर उतरवायचा. बहुतेक दिवस तो आकडा खरा ठरायचा, कारण नोव्हेंबर ते मार्च आमच्याकडे समुद्र बहुतेक दिवस लहानच असतो.

मार्चमधल्या एका रविवारी अ‍ॅपवर होतं ०.९ मीटर, पीरियड, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ, ७ सेकंद. मी लिहिलं: लहान लाट, नवशिक्यांसाठी उत्तम. सकाळी आठला पाणी तळ्यासारखं निवांत होतं. दहाबारा मिनिटं तसंच राहिलं. मग बाहेर क्षितिजाजवळ एक लांबलचक काळपट रेघ उठली, तिच्यामागे दुसरी, तिसरी. पाच लाटा आल्या, एकेक छातीच्या वर, आणि पाण्याखालच्या ज्या वाळूच्या बांधावर आमचे शिकाऊ उभे होते तिथे कोसळल्या. चाळिशीतले एक गृहस्थ बोर्डासकट बाजूच्या सपाट पाण्यात फेकले गेले. ते पाणी शांत दिसतं म्हणून ते तिथेच थांबले, आणि तिथेच बाहेर समुद्राकडे खेचणारी ओढ होती. बघता बघता ते साठ-सत्तर मीटर बाहेर गेले. आमच्या प्रशिक्षकाने आणि जीवरक्षकाने मिळून त्यांना बाहेर काढलं. ते सुखरूप होते, थरथरत होते, बायको वाळूवर बसून रडत होती. त्यांनी मला काहीच म्हटलं नाही. फळ्यावरची ती ओळ दुपारपर्यंत तशीच होती, आणि ती मीच पुसली.

त्या रात्री मी अ‍ॅपमध्ये पहिल्यांदा खालच्या ओळी उघडून बघितल्या. वरचा मोठा आकडा हा सगळ्या लाटांचा मिळून असतो. खाली त्याची फोड दिलेली असते: वाऱ्याने इथेच उठलेली लाट ०.७ मीटर, ७ सेकंद, वायव्येकडून. आणि दुसरी, दुरून आलेली स्वेल ०.६ मीटर, १८ सेकंद, नैर्ऋत्येकडून. उंचीची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची होते. ०.४९ आणि ०.३६ मिळून ०.८५, त्याचं वर्गमूळ ०.९२. आणि पीरियड वर दाखवला होता तो जास्त जोर असलेल्या लाटेचा, म्हणजे सातचा. अठरा सेकंदांची लाट त्या एका आकड्याच्या पोटात दडून बसली होती. माहिती खोटी नव्हती. मी ती अर्धीच वाचली होती.

अठरा सेकंदांचं इतकं काय, हे मला पदवीला शिकवलेलं होतं आणि मी ते समुद्राशी कधी जोडलंच नव्हतं. खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे सेकंदांचा वर्ग गुणिले १.५६ मीटर. सात सेकंदांची लाट ७६ मीटर लांब. अठरा सेकंदांची पाचशे मीटरच्या वर. लाटेला आपल्या लांबीच्या निम्म्या खोलीवर तळ लागायला सुरुवात होते. म्हणजे सातवाली लाट किनाऱ्याजवळ चाळीसेक मीटर पाण्यात आल्यावर जागी होते, तर अठरावालीला किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर, जिथे आपला उथळ समुद्रतळ सुरू होतो तिथूनच, तळ जाणवतो. ती तिथपासून वळत, मंदावत, उंच होत येते. खोल पाण्यात दोन्ही एकेक मीटरच्या असल्या तरी सहा-सात सेकंदांची लाट फुटताना सव्वा-दीड मीटरच्या आतबाहेर असते आणि सोळा-अठराची पावणेदोनच्या आसपास जाऊ शकते. शिवाय अंदाजात लिहिलेली उंची म्हणजे सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. तासाभरात एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येणारच, हे धरून चालावं लागतं.

आणि लांब पीरियडच्या लाटा घोळक्याने येतात. मधली दहा-पंधरा मिनिटं पाणी असं गप्प असतं की कोणीही फसेल. केरळात अशा समुद्राला कळ्ळक्कडल म्हणतात, चोर समुद्र. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, आणि पाणी दाराशी. ३१ मार्च २०२४ला तिथल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत असंच पाणी शिरलं. ते पाणी उठवणारं वादळ आठवडाभर आधी थेट दक्षिण गोलार्धात, दूरच्या समुद्रात झालं होतं. अशा पाण्याचे इशारे हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, देतं. त्यांचे इशारे मी तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ बघते. किनाऱ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने बघावेत असं मला मनापासून वाटतं. ते फुकट आहेत आणि ते आपल्यासाठीच आहेत.

रविवारच्या त्या प्रकारानंतर सोमवारी मी दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर आदल्या रात्रीचा अंदाज, उजव्या पानावर सकाळी प्रत्यक्ष मोजलेलं.

मोजायचं कसं, हेच शिकायला तीन महिने गेले. पीरियड सोपा: नांगरलेल्या होडीवर नजर ठेवायची, ती पहिल्यांदा वर उचलली की घड्याळ सुरू, अकराव्यांदा उचलली की बंद, आलेल्या सेकंदांना दहाने भागायचं. एकदा मोजून भागत नाही, तीनदा मोजायचं, आणि घोळका येईपर्यंत थांबायचं. समुद्र गप्प असताना मोजलेला पीरियड म्हणजे वाऱ्याच्या लाटेचा, तो काही कामाचा नाही. उंची अवघड. नुसत्या नजरेने प्रत्येकजण वेगळं सांगतो. घाबरलेला माणूस दुप्पट सांगतो आणि चांगला सर्फर निम्मी. मग एक जुनी रीत सापडली. फुटणाऱ्या लाटेचा माथा बरोबर क्षितिजाच्या रेषेला टेकलेला दिसेल अशा जागी उतारावर वरखाली सरकून उभं राहायचं. तेव्हा परतीच्या पाण्याच्या पातळीपासून आपल्या डोळ्यांची जी उंची, तीच लाटेची उंची. मी वाळूत खुणा केलेला बांबू रोवून ती मोजायचे. पहाटे एकटी मुलगी बांबू घेऊन वाळूत कधी बसते, कधी उठते, हे बघून रापणीवरची माणसं थांबायची. तात्यांनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "गो, भरती-ओहोटी लिवतंस मगे?" मी लिहीत नव्हते.

तो रकाना त्यांच्यामुळे आला. त्यांचा हिशेब तिथीचा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. कोकणात हा हिशेब सगळीकडे चालतो, पण तो मुंबईकडच्या पाण्याला जास्त जुळतो. भरती आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे आमच्याकडे ती जरा आधीच येते, आणि तात्या ते "जरा" बरोबर वजा करतात. मी मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघितलं. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, आमच्याकडे भरती-ओहोटीच्या पाण्यात साधारण दोन मीटरचा फरक पडतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, त्याहून खूप कमी. हा फरक फळ्यावरच्या लाटेइतकाच मोठा आहे. लाट तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते. वाळूचा बांध तोच, लाट तीच, पण भरतीत ती बांधावरून नुसती हलून पुढे जाते आणि थेट किनाऱ्याच्या उतारावर आपटते, तर ओहोटीत बांधावरच उभी कोसळते. त्या रविवारी पाणी ओहोटीला लागलेलं होतं. बांधामागे साठलेलं पाणी जिथे वाट मिळेल तिथून बाहेर जात होतं.

तात्यांना ओढीची जागा पावलांनी माहीत असते. रापणीचं जाळं तिथे आडवं जातं, म्हणून. पण चार दिवसांनी समुद्र कसा असेल हे ते सांगत नाहीत, आणि विचारलं तर स्पष्ट म्हणतात, "ता माका कळना." मला त्यांचं हे उत्तर फार मोलाचं वाटतं. उलट अ‍ॅपमागच्या संगणकाच्या मॉडेलला चार दिवसांनंतरचं कळतं पण आमचा बांध कळत नाही. जागतिक मॉडेलमध्ये समुद्राची एक चौकट बहुधा वीस-पंचवीस किलोमीटरची. केरीपासून शापोऱ्याच्या मुखापर्यंतचा आमचा सगळा किनारा एका चौकटीत मावतो. हरमलची टेकडी, शापोऱ्याचं टोक, तेरेखोलच्या तोंडाशी साठलेली वाळू, यातलं त्याला काहीच दिसत नाही. वायव्येची लाट असली की हरमलच्या उत्तर टोकाला टेकडीचा आडोसा मिळतो आणि मोरजी उघडी पडते. नैर्ऋत्येची असली की मोरजीच्या दक्षिण टोकाला लाट निम्मी, पण तिथे नदीची ओहोटी बाहेर खेचते, म्हणून लहान लाटेच्या मोहाने नवशिक्यांना तिकडे न्यायचं नाही. हे सगळं वहीतून आलं, चुकीवर चूक होऊन.

सगळ्यात जास्त चुका वाऱ्याच्या. हे मला आधी विचित्र वाटायचं. सहा-सात हजार किलोमीटरवरून येणारी लाट मी बरोबर सांगते आणि उद्या दुपारचा वारा चुकतो! पण त्यात विचित्र काही नाही. दक्षिणेच्या समुद्रात चाळीस-पन्नास अक्षांशांवर वादळ होऊन गेलं की लाट निघालेली असते. आता फक्त चालायचं काम. लाटांचा घोळका किती वेगाने चालतो तेही ठरलेलं: सेकंदांना ०.७८ ने गुणलं की मीटर प्रति सेकंद. सोळा सेकंदांचा घोळका ताशी ४५ किलोमीटरने येतो, दिवसाला हजार-अकराशे. पंचेचाळीस दक्षिण अक्षांशापासून आमच्यापर्यंत सुमारे ६,७०० किलोमीटर, म्हणजे सहा दिवसांहून थोडं जास्त. वीस सेकंदांचा ताशी ५६ ने, पाच दिवसांत. म्हणून लांब पीरियडच्या लाटा आधी पोचतात, उंचीला नगण्य, पण जड. दोन दिवस पीरियड रोज थोडा उतरत गेला की समजावं हे त्याच एका वादळाचं पाणी. अगदी दक्षिणेकडून येणाऱ्या स्वेलच्या वाटेत मालदीव आणि लक्षद्वीपची बेटं आडवी येतात, म्हणून दिशा दोनशे अंशांच्या पलीकडे, म्हणजे थेट दक्षिणेऐवजी पश्चिमेकडे झुकलेली, आहे का हे मी पहिलं बघते. आणि केरळच्या किनाऱ्यावर ती आमच्यापेक्षा अर्धा-पाऊण दिवस आधी जाणवते. तिकडच्या बातम्या, तिकडच्या नोंदी ही माझी शेवटची खात्री.

वाऱ्याचं तसं नाही. पहाटे जमिनीवरून मतलई वारा समुद्राकडे वाहतो, लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. सर्फर ज्याला ऑफशोअर म्हणतात तो हाच. जमीन तापली की तो पडतो, काही वेळ काहीच नसतं, आणि मग वायव्येकडून खारा वारा सुटतो. दुपारी तीनच्या सुमारास दहा ते पंधरा नॉट. त्याने तासाभरात समुद्राचा चेहरा पार विस्कटतो, आखूड लाटांची गर्दी होते. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्याच किनाऱ्यावर हा दुपारचा चढउतार मोजलेला आहे. ते वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. मी रोज उघड्या डोळ्यांनी जे बघते ते कोणीतरी नीट मोजून ठेवलं होतं. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडे शमाल वारा सुटला की त्याच्या लाटाही वायव्येकडूनच आमच्याकडे येतात हेही त्यांनीच दाखवलं. त्याआधी जानेवारीच्या पहाटे, वारा नसताना वायव्येची लाट कुठून आली, हे मी वहीत नुसतं प्रश्नचिन्ह करून ठेवायचे. अशी एकोणीस प्रश्नचिन्हं होती.

पण खारा वारा किती वाजता सुटणार? मॉडेल म्हणायचं साडेअकरा. वहीत मार्च-एप्रिलमधे बहुतेक दिवस साडेदहा. दुसऱ्या वर्षी मला त्याचं कारण लागलं असं वाटतं: मॉडेलच्या ज्या चौकटीतून मी वारा उचलत होते ती अर्धी समुद्रावर होती, आणि आमची वाळू, कातळ, कौलं त्याहून लवकर तापतात. आता मी फळ्यावर एक तास आधीची वेळ लिहिते. रात्री ढग असतील तर मात्र नाही, आणि पूर्वेकडे डोंगरात पाऊस झाला असेल तर अजिबात नाही. त्या दिवशी मी तात्यांना विचारते. ते पहाटे अंगणात उभे राहून मानेवर हात ठेवतात आणि सांगतात. दहातल्या सात-आठ वेळा ते बरोबर असतात; वहीत आहे.

पावसाळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जूनपासून तीन-चार मीटरचा समुद्र, पाणी गढूळ, शाळा बंद. ट्रॉलरवाल्यांनाही १ जून ते ३१ जुलै बंदी. चक्रीवादळाचं मात्र सांगते, कारण लोक तिथे उलटं समजतात. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आमच्यापासून कितीतरी दूर समुद्रातून गेलं, गोव्यात वारा म्हणावा असा नव्हता, आणि तरी पाणी किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे झापांच्या खाणावळींत, शिरलं. वादळ आपल्यावर येत नाही म्हणजे समुद्र येत नाही असं नव्हे. वादळाचं नाव ऐकलं की मी त्याचा मार्ग नंतर बघते. त्याच्या भोवतीचा वारा आमच्या दिशेने किती लांबवर आणि किती तास वाहिला ते आधी.

फळा आता बदललाय. उंचीचा एक आकडा मी लिहीतच नाही, दोन ओळी करते: जवळची लाट, दूरची लाट, प्रत्येकीचे सेकंद वेगळे. दूरची लाट चौदा सेकंदांच्या वर असेल तर खडूचा रंग लाल, उंची कितीही लहान असो. त्याच्याखाली लिहिते: पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं बसून बघा. यावरून आमच्यात वाद झाले. वीस मिनिटं म्हणजे बॅचच्या वेळेतली वीस मिनिटं, आणि लोक पैसे देऊन आलेले असतात. मी ऐकलं नाही. ज्या दिवशी लाल खडू असतो त्या दिवशी मी स्वतः त्यांच्याबरोबर वाळूवर बसते आणि घड्याळ लावून लाटा मोजायला लावते. मुलं हे फार पटकन शिकतात. मागच्या एप्रिलमध्ये एका नऊ वर्षांच्या मुलीने सतरा मोजले, वडिलांकडे बघितलं आणि म्हणाली, आज आपण इथेच खेळूया. समोर पाणी तळ्यासारखं होतं. सहा मिनिटांनी पहिली रेघ उठली.

चौथी वही मेमध्ये संपली. पावसाळ्याने जुना बांध नेला असणार, तो दरवर्षी नेतो. सप्टेंबरात कुठे वाळू साठलीय आणि ओढीची वाट कुठून पडलीय हे पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. सर्वपित्री अमावास्येला उधाणाची ओहोटी खूप आत जाते. तात्या, मी आणि आमचा प्रशिक्षक संध्याकाळी तिघं बांबू घेऊन उतरणार आहोत. मोरजीच्या बाजूने सुरुवात करून दर पन्नास पावलांवर पाण्याची खोली टोचून बघायची आणि पाचव्या वहीच्या पहिल्या पानावर किनाऱ्याचा नकाशा काढायचा. तात्यांचा गुडघा दुखतो, म्हणून ते वाळूवरून चालतील आणि आम्ही पाण्यातून. जिथे पाय खेचला जाईल तिथे हात वर करायचा, ते काठीने खूण करतील.